कुठे जायचं?

मंदाताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी हात जोडले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नि म्हणाल्या, "आ करा, काकू."

मी लाजाळू बाई, पण केला आ.

"खालचा दात हलून राहिला. मान मात्र छान वळते तुमची." मग निवांत चहा प्यायल्या.

मुलाच्या नोकरीपायी मी टेक्सासातल्या या गावी आले. आपली माणसं राहतात त्या शुगर लँड शहराहून गाडी इतकी चालते की मध्ये माझी एक झोप होते. कापसाची शेतं, पवनचक्क्या आणि एक छोटं हॉस्पिटल. तिथं ऑपरेशनआधी भूल देतात त्या मंदाताई. भूल देणारा डॉक्टर इथं नाहीच, या नर्सबाईच सगळं बघतात. मूळच्या नागपूरच्या. एकट्या राहतात.

भूल दिली की घशात श्वासाची नळी घालावी लागते, म्हणून गावातले सगळे घसे त्यांना पाठ. चर्चच्या जेवणात कुणी जाडजूड माणूस खो खो हसला की माझ्या कानाशी, "मान पाहा याची. मला घाम फोडेल एक दिवस." आपण विचारतो, जेवलात का? त्या विचारतात, शेवटचं कधी खाल्लं? आणि उपाशी माणूस भेटला की खुलतात.

भूल देताना मात्र प्रत्येकाला विचारतात, "कुठे जायचं?" कुणी म्हणतं तळ्यावर मासे धरायला, कुणी आजीच्या अंगणात. जागं झालं की, "पोचलात? काय पाहिलं?" त्यांना स्वतःला कुठे जाता येत नाही. त्या गेल्या तर ऑपरेशनं थांबतात. बदली माणूस मिळाला नाही म्हणून आईच्या शेवटच्या दिवसांतही नागपूरला जाणं झालं नाही. हे मला मुलानं सांगितलं. त्या कधी बोलल्या नाहीत.

मध्यंतरी माझं पित्ताशय काढायचं ठरलं. उठलेच नाही तर? टेबलावर मी देवाचं नाव घेत होते. वर फक्त मंदाताईंचे डोळे.

"घाबरून राहिल्या काय? मी हलत नाही इथून. कुठे जायचं?"

"माहेरी. चुलीपाशी."

"जा मग. परत आणायचं काम माझं."

दुधासारखं पांढरं औषध नळीतून सरकत आलं. दिवे विरघळले. मग काहीच नाही. ना माहेर, ना चूल. डोळे उघडले तर मंदाताई खुर्ची ओढून बसलेल्या.

"पोचल्या काय? कोण भेटलं?"

काही दिसलं नाही, असंच सांगणार होते. पण बाजारातून आलेल्या आईच्या पिशवीकडे लेकरू बघतं, तशा त्या बघत होत्या.

"आई भेटली," मी म्हणाले. "तुम्हीही होतात. आईनं तुम्हाला जवळ बसवलं. म्हणाली, आ कर."

सलाइनच्या नळीवरचा त्यांचा हात थांबला.

"मग?"

"भाकरीचा घास भरवला. लोणी लावून."

त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "गरम होती काय भाकर?"