बेबीमावशीची डुकरीण

बेबीमावशी स्वतःच्याच शेतात शिरताना आधी दार वाजवते. शेताला दार कुठलं? बांधावरच्या निंबाला तिनं तेलाचा रिकामा पिपा टांगलाय. त्यावर विळ्याचे तीन ठोके देते आणि ओरडते, "येऊन राहिली व माय! लेकरं घेऊन बाजूले हो!" मग थोडं थांबते, पदर सावरते आणि झेंडूत पाऊल टाकते. अकोटच्या रस्त्यानं जाणारे जीपवाले हसतात. मावशी त्यांनाही हात करते.

मावशी माझी शेजारीण. एकटीच राहते, फुलं पिकवते, बाजारात स्वतः विकते. वय पासष्टच्या पुढे, पण नाव बेबी. "माया बापाले वाटलं, मोठी झाल्यावर चांगलं नाव ठेवू. मंग राहूनच गेलं!"

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर मावशी सकाळीच फुलं तोडत होती. टोपलं भरत आलं होतं. पुढच्या ओळीत पाय टाकला, तर पायाशी काहीतरी किंचाळलं. रानडुकराचं पिल्लू, अंगावर पट्टे असलेलं. मावशी वाकून बघते न बघते, तोच झाडं तुडवत त्याची आई आली. एका धडकेत मावशी आडवी, मांडीचा लचका तुटलेला. डुकरीण वळून पुन्हा आली. मावशीच्या हातात होतं फक्त टोपलं. तेच तिनं पुढे धरलं. डुकरिणीचं तोंड बूड फोडून आरपार गेलं आणि टोपलं गळ्यात अडकून बसलं. बिचारी गोल गोल फिरली, फुलं उधळत नाल्याकडे पळाली, मागे पिल्लांची रांग.

"नवरदेव निघाला ना बापू, वरातीसकट!" इथे मावशी नेहमी पोट धरून हसते.

"भ्या नाही वाटलं?" मी एकदा विचारलं.

"वाटलं ना. पन तिथंच बसली असती तं तिथंच संपली असती."

तिनं लुगड्याची पट्टी फाडून मांडी बांधली आणि बांधाच्या कडेनं सरपटत रस्ता गाठला. जीप थांबली, तर ड्रायव्हरला म्हणाली, "खालीच बसते दादा, तुई गादी खराब होईन."

ती बरी होऊन आल्यावर लोकांनी सल्ले दिले. तारेत करंट सोड, फासे लाव. मावशीनं पिपा टांगला. "काहून मारू तिले? न सांगता मीच गेली तिच्या घरात."

त्याआधी, जीपवाल्यानं नेलं त्या अकोल्याच्या दवाखान्यात एकवीस टाके पडले. टाके घालताना मावशी मोठ्यानं मोजत होती. एकदा मधेच डॉक्टरांना थांबवून म्हणाली, "हा मोजाचा राहिला." भेटायला अर्धं गाव लोटलं. पहिल्या दिवशी डुकरीण बकरीएवढी होती, तिसऱ्या दिवशी म्हशीएवढी. नर्सबाई ओरडायच्या, मावशी त्यांनाच स्टुलावर बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मात्र गोष्ट सांगता सांगता तिची नजर सारखी दाराकडे जायची. कोणाची वाट बघते, ते मला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी दारात एक म्हातारी उभी राहिली. बेबीमावशीची धाकटी बहीण सुमन, दर्यापूरहून आलेली. एका लग्नातल्या मानपानावरून नऊ वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. सुमनमावशी खाटेच्या पायथ्याशी येऊन कडाडली, "मेली असती तं?"

"नाही ना मेली."

"मेली असती तं मी भांडली कोनासंग असती?"

असं म्हणून ती उशाशी बसली, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि बहिणीच्या केसांतला गुंता सोडवू लागली. एकवीस टाके मोजणारी बेबीमावशी तेव्हा लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. मी सामान भरायला लागलो. सुमनमावशी दर्यापूरला परतायची पिशवी भरून चहा आणायला खाली गेली होती. बेबीमावशीनं माझा हात धरून जवळ ओढलं.

"बापू," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरले सांग ना, लय दुखून राहिलं म्हनून. दोन दिस राहू दे आमाले."