गवताचं वय

चरून टाकलेलं गवत पुन्हा उगवायला किती वेळ लागतो, हा प्रश्न पातूरजवळच्या कळमखेडात कधी कुणाला पडला नव्हता. गवत आणि ढोरं तो आपसांत मिटवून घेत. १९५४ साली तो सरकारला पडला. सरकारला पडलेला प्रश्न कुणी उचलल्याशिवाय राहत नाही. म्हणून गावच्या ई-क्लासच्या, म्हणजे चराईच्या, चाळीसच्या चाळीस एकर जमिनीला काटेरी तारेचं कुंपण आलं. फाटकावर पाटी आली : 'संशोधनासाठी तात्पुरते बंद.' आणि पाटीमागोमाग मोरोपंत आले.

मोरोपंत पुण्याला शेतकी शिकून आलेले गवत-संशोधन सहायक. पाटीसारखेच तेही तात्पुरते होते. दर सहा महिन्यांनी त्यांची नोकरी मरे आणि नवा हुकूम आला की पुन्हा डोळे उघडी. प्रयोग पुरा झाला की मोरोपंतांना कायम करू, असं नागपूरच्या संचालकांनी तोंडी सांगितलं होतं. मोरोपंत कायम झाले की प्रमोदिनी देऊ, असं अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांनी सांगितलं होतं, तेही तोंडीच. थोडक्यात, मोरोपंतांचं लग्न त्या चाळीस एकरांत उगवायचं होतं.

पहिल्याच दिवशी एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे गावची सगळी ढोरं.

"आपण कोण?" मोरोपंतांनी विचारलं.

"मी देवमन. गावचा गायकी."

वऱ्हाडात गायकी म्हणजे गुराखी. मोरोपंतांनी अहवालात 'गावात संगीताची परंपरा आहे' असं लिहिलं आणि त्या दिवसापासून ते त्याला देवमनबुवा म्हणू लागले.

"सायेब, तात्पुरतं म्हंजे कवापर्यंत?"

"एक पावसाळा."

"एका पावसाळ्यात ढोराचे दोन कान तेवढे उरतीन."

"शास्त्रासाठी थोडं सोसावं लागतं, बुवा. मीही सोसतोच आहे."

पावसाळा झाला. गवत कमरेइतकं आलं. मोरोपंतांनी नागपूरला कळवलं : गवत येते. नागपूरहून उत्तर आलं : एका वर्षाच्या गवतावर विश्वास ठेवू नये, पाऊस बरा झाला असेल. पुढच्या साली पाऊस रुसला. गवत घोट्याच्या वर येईना. मोरोपंतांनी कळवलं : गवत येत नाही. संचालक इतके खूश झाले की स्वतः दौऱ्यावर आले.

"मोरोपंत," कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून ते म्हणाले, "एका वर्षाचं गवत ही अफवा. दोन वर्षांचं, योगायोग. दहा वर्षांचं गवत पाहाल तेव्हा त्याला शास्त्र म्हणता येईल."

म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर त्यावर काही इलाज करता आला असता.

बापूसाहेबांनी ही बातमी शांतपणे घेतली. "आणखी आठ वर्षं ना? तेवढ्यात आमच्याकडे एक तारीख पडते. थांबू."

मग नोव्हेंबर १९५६ उजाडला. अख्खं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. मोरोपंतांचं मात्र अमरावतीपर्यंतही जाईना. उलट मुंबईहून पत्र आलं : 'सदर गवत मध्य प्रदेशात उगवलेले असल्याने त्याचे पूर्वीचे वय या राज्यास ग्राह्य धरता येत नाही. गवत शून्यावर आणून प्रयोग नव्याने सुरू करावा.'

शून्य म्हणजे चरून उजाड झालेली जमीन. तिच्यासाठी ढोरं लागतात. मोरोपंतांनी फाटक उघडलं आणि देवमनला शासकीय विनंती केली. ढोरांनी ती मान खाली घालून मान्य केली. पंधरवड्यात शून्य तयार झालं.

देवमनने फाटकाबाहेर येताना हात जोडले. "सायेब, सरकारले सांगजा, दरसाल राज्य बदलत जा म्हनावं!"

फाटक पुन्हा बंद झालं आणि दहा वर्षं पुन्हा दहा झाली.

त्यातली साडेतीन गेली, तोच १९६० साली महाराष्ट्र झाला. पत्र तेच आलं, फक्त राज्याचं नाव बदलून. मोरोपंत ते खिशात घालून अमरावतीला गेले. प्रमोदिनी आता मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिने चहाचा कप त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

"तुमचं गवत दरवेळी शून्यावर येतं," ती म्हणाली. "माझं वय येत नाही."

बापूसाहेबांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं.

मोरोपंत तडक कळमखेडला परतले. "बुवा, ढोरं आणा! शून्य करायचंय!"

"कोनती ढोरं?" देवमन एकटाच होता. "इकली ना समदी. बाहेर काडी नाई, आत तुमी जाऊ देत नाई. तुमच्या गवताचं वय वाढून राह्यलं होतं, तवा आमच्या ढोरायचं सरून राह्यलं होतं."

विळ्याने कापून घेऊ का, असं मोरोपंतांनी विचारलं. विळा म्हणजे चराई नव्हे, असं मुंबईने कळवलं. गावात उरली होती फक्त चतुराबाईची बोळकी म्हैस. तिला रीतसर आत सोडण्यात आलं. तिने तीन घास खाल्ले आणि बसली.

"उठवा तिला, चतुराबाई!"

"ते बसली तं बसली. घाई काहून करता, साहेब? गवताले दहा वर्षं पायजेन म्हनता, मंग म्हशीले घडीभर नाई?"

शेवटी मुंबईहून नवे संचालक आले. तरुण होते, तर्काला पक्के होते. म्हैस पाहून त्यांनी निष्कर्ष काढला. चराईनंतर काय होतं ते पाहायला कुंपण घातलं. कुंपणाने चराई संपवली. म्हणून प्रयोग सुरू होऊ शकत नाही. जो सुरू होत नाही तो संपत नाही. आणि न संपणाऱ्या प्रयोगावर तात्पुरता माणूस ठेवणं नियमात बसत नाही.

त्यांनी मोरोपंतांपुढे कागद सरकवला. त्यावर दोन ओळी होत्या : 'जमीन गावास परत द्यावी' आणि 'प्रयोग चालू ठेवावा'.

"नको असेल ती खोडा. दुसरी खोडलीत तर जमीन मोकळी होईल. तुम्हीही."

मोरोपंतांनी म्हशीकडे पाहिलं. ती निवांत रवंथ करत होती. तिच्याकडून काही सल्ला मिळेना. त्यांना चहाचा कप आठवला आणि त्यांनी पहिली ओळ खोडली.

फाटकाशी देवमन उभा होता. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"मंग सायेब, आमचं रान?"

"तात्पुरतं बंद आहे, बुवा."

"अन् तुमी?"

"मी कायम."

लग्न अमरावतीला थाटात झालं. बासुंदी पावडरच्या दुधाची होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मोरोपंतांनी आग्रहाने बोलावलेल्या देवमनबुवांना गायला बसवण्यात आलं. देवमनला एकच गोष्ट येत होती. संध्याकाळी रानातून ढोरं परत बोलवायची हाळी. त्याने ती दिली, डोळे मिटून, पोटातून. मांडव हसून लोटपोट झाला. वन्स मोअर पडले.

आता कायद्याचा भाग. बंदी पुढे चालू ठेवण्यास कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत नोंदवावी, अशी नोटीस नियमाप्रमाणे लावली होती. कुंपणाच्या आत, चाळीस एकरांच्या मधोमध, जिथे जायला मनाई आहे तिथे. ती एकट्या म्हशीपर्यंत पोचली आणि तिने ती खाल्ली.

आपल्यापैकी कुणाला हरकत घ्यायची असेल तर आता उपयोग नाही. सातवा दिवस लग्नाचाच होता. मघाशी देवमनच्या हाळीला आपण हसलात ना, नेमकी तेव्हाच मुदत संपली.