पेंडसेकाकांची गारगोटी

ईरा, नील,

फोटोत आजोबांशेजारी अर्धा माणूस आणि अर्धा धूर दिसतोय तो कोण, असं तुम्ही ईमेलमध्ये विचारलंत. ते पेंडसेकाका. मरीन परेडला आमच्या समोरच्या दारात राहायचे. गेल्या महिन्यात गेले. आज त्यांच्या फ्लॅटला नवा रंग लागतोय, म्हणून आजच लिहिते. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण राग मला मराठीतच नीट लिहिता येतो.

तर बँकेतून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा हा माणूस दर रविवारी क्लबात जाऊन ठासणीचं पिस्तूल उडवायचा. जुन्या पिस्तुलाची नवी नक्कल. नळीत दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, बाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायचं. चाप ओढला की घोड्यात बसवलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, आणि जमलंच तर बार उडतो. पिस्तूल क्लबाच्या कुलपात राहायचं. घरी यायची फक्त गारगोटी. रविवारी सकाळी काका स्वयंपाकघरात बसून टकटक करत तिला धार काढायचे.

"अंकल नॉकिंग स्टोन अगेन, लाह!" शेजारच्या मिसेस टॅन इथल्या ठसक्याच्या इंग्रजीत माझ्याकडे तक्रार करायच्या, जणू काका माझ्या माहेरचे.

एकदा आजोबा आणि मी क्लबात बघायला गेलो. बराच वेळ ठासणं झालं. चाप ओढला. वाटीतलं रंजक भपकन पेटलं आणि पुढे काहीच नाही. काका हात ताणून, नेम धरून तसेच उभे. शेजारच्या तरुणाने तेवढ्यात डबाभर गोळ्या संपवल्या.

"अहो पेंडसे, हात खाली करा. गेलं ते," आजोबा म्हणाले.

"असं म्हणायचं नसतं. आत धुमसत असेल. उडेल अजून."

नियमच आहे तसा. नळी वळवली आणि उशिरा बार उडाला तर कुणीतरी जायचं. पण काकांनी तो नियम सगळ्या संसाराला लावला होता. लिफ्ट अडकली, थांबा. माझ्या कुकरची शिट्टी होईना, "वहिनी, हात लावू नका, उडेल अजून." कुकरचा रबर गेला होता.

दुसऱ्या खेपेला बार उडाला, हा फोटो त्याचाच. गोळी त्या तरुणाच्या निशाणाच्या कागदाला लागली. "या नळीला आतून गोळीला फिरकी देणारे आटे नसतात," काका चष्मा पुसत म्हणाले. "एकदा सुटली की मनाला येईल तिकडे जाते."

आजोबा हसले. मला हसू आलं नाही. मला मंदार माहीत होता.

मंदार त्यांचा एकुलता एक. या देशात मुलांना सैन्यात सक्तीची सेवा करावी लागते. सार्सची साथ आली त्याच्या आदल्या वर्षी, बोलावणं येण्याआधीच, त्याची आई त्याला घेऊन मेलबर्नला गेली. परत आला तर अटक. निघताना काका त्याला "पळपुटा" म्हणाले, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. बंदूक नको म्हणून मुलगा गेला आणि वर्षभरात बापाने पिस्तूल घेतलं. लोक हसायचे.

"भाऊजी, विमान इथूनही तिकडे जातं," मी कितीदा म्हटलं.

"आधी त्याने फोन करायचा."

मंदारही त्यांचाच मुलगा. त्याने केला नाही.

काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं कपाट मीच आवरत होते. साबणाच्या डबीत कापसावर एक गारगोटी निघाली, काचेसारख्या धारेची.

"ही वापरत नाही?"

"ती मंदारसाठी. एकदाही आपटलेली नाही."

मी फोन उचलला. "नंबर सांगा, मी लावून देते."

त्यांनी हात पुढे केला. बोटं फोनला लागली. मग हात मागे घेतला. "थांबा, वहिनी. उडेल अजून."

त्याच आठवड्यात ते गेले. तेराव्याला मंदारचा फोन आला, माझ्याकडे. "मावशी, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले?"

मी गारगोटीचं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच."

पिस्तूल क्लबाने पोलिसांकडे दिलं, ते मोडीत गेलं असेल. गारगोटी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. काल जुन्या विळीच्या पात्यावर हळूच घासून पाहिली. ठिणगी पडते.