शाळेपासून पळालेले उस्मानभाई

‘‘छत्री कशाला?’’

उस्मानभाई परकारांनी माझं स्वागत केलं ते या दोन शब्दांनी. मुंबईच्या बोटीतून उतरून मी नुकताच दुबईत, खाडीकाठच्या देरा भागात आलो होतो. एका शिपिंग कंपनीत कारकुनी मिळाली होती आणि राहायला खोली होती ती उस्मानभाईंच्या किराणा दुकानाच्या माडीवर. घामाने निथळत मी किल्ली मागायला उभा होतो.

‘‘इथं पाऊस नाय पडत. मग छत्री कशाला? तुम्हाला पाठवलं कोणी?’’

‘‘कंपनीनं.’’

‘‘सरकारनं तर नाय ना?’’

मी चिपळूणचा. आमच्याकडे माणूस एक वेळ चप्पल विसरेल, छत्री विसरणार नाही. हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात मागे एक दहा-अकरा वर्षांची मुलगी मिरच्या निवडताना दिसली आणि चार शब्द गोड बोलावेत म्हणून मी विचारलं, ‘‘काय गं, कितवीत आहेस?’’

मुलीने मान वर न करता पाठ केलेलं उत्तर दिलं, ‘‘मी इथली नाय. पाहुणी आहे.’’

किल्ली परत खिशात गेली. ती रात्र मी कंपनीच्या गोदामात काढली. किल्ली मिळाली ती दुसऱ्या दिवशी, कंपनीचं पत्र दाखवल्यावर.

साठच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा कोकणातून लोक दुबईला यायचे ते पोटासाठी. उस्मानभाई हे एकटेच असे की जे शाळेपासून पळून आले होते, आणि तेही पन्नाशीला टेकल्यावर. रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावाला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू होता. उस्मानभाईंनी मुलीला, जुबेदाला, शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. मग हजेरीचा साहेब आला. काळी टोपी, हातात छत्री. नोटीस झाली, दंड झाला, पुन्हा नोटीस झाली, कोर्टात उभं राहावं लागलं. शेवटी त्यांनी दुकान विकलं, मुंबई गाठली आणि बोटीच्या एजंटाला सांगितलं, ‘‘पोरीला शाळेत घाला असं सांगणारं सरकार जिथं नाय, तिथलं तिकीट दे.’’ एजंटाने दुबईचं दिलं.

बायको वारलेली. मागे कोणी नव्हतं. तरीही मुंबईची बोट आली की उस्मानभाई दुकान जुबेदावर टाकून खाडीच्या धक्क्यावर जायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला न्याहाळायचे. हजेरीचा साहेब समुद्र ओलांडून येणार नाही, असं मी एकदा म्हणालो.

‘‘भरवसा नाय,’’ ते म्हणाले.

हा त्यांचा मंत्र होता. बर्फवाल्याचा भरवसा नाय, म्हणून बर्फ आणल्यावर वितळायच्या आत परत तोलायचा. खजुराच्या गोणीचा भरवसा नाय, म्हणून तळाशी हात घालायचा. माझ्या घड्याळाचा भरवसा नाय, म्हणून वेळ मला विचारायची आणि लगेच समोरच्या शिंप्यालाही विचारायची. पण सगळ्यात जास्त संशय शाळेचा. का, ते सांगत नसत. ‘‘ते सोडा, खलास,’’ म्हणून विषय तोडत.

घरचं शिक्षण मात्र जोरात चाले. गणित तराजूवर. भूगोल गोण्यांवर: मिरी कुठली, तांदूळ कुठला, सुकं लिंबू कुठलं. आणि वाचन रद्दीवर. मुंबईहून येणारा माल मराठी वर्तमानपत्रांत बांधलेला असायचा. उस्मानभाई ते कागद हाताने सपाट करून जुबेदापुढे ठेवत. तीच तिची क्रमिक पुस्तकं. त्यामुळे पोरीला कुठलीही गोष्ट पुरी माहीत नव्हती.

एकदा जिन्यावर गाठून तिने मला विचारलं, ‘‘काका, एका गावात वाघ शिरला, मास्तरांच्या घरात जाऊन बसला. पुढं काय झालं?’’

‘‘मला काय ठाऊक?’’

‘‘पुढचा कागद हळदीला गेला. अब्बांनी विकली ती.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘शाळेत पुढचं सांगतात ना?’’

खाडीपलीकडे, बर दुबईला, आपल्या लोकांनी तेव्हा नुकतीच एक छोटी शाळा काढली होती. समोरच्या शिंप्याच्या मुली तिथे होडीने जायच्या. जुबेदा रोज दुकानाच्या दारात उभी राहून त्यांना बघायची. मी उस्मानभाईंकडे गोष्ट काढली.

‘‘इथं सक्ती आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कशाला?’’ मग डोळे बारीक करून, ‘‘शाळेकडून तुम्हाला काय मिळतं?’’

मी तणतणत माडीवर गेलो. गाढवापुढे गीता वाचण्यापेक्षा गोदामातले उंदीर परवडले, असं मनात म्हणालो. पण जुबेदा माझ्यासारखी तणतणली नाही. मसुराच्या पुडक्याचा कागद बापाने पुढे ठेवला तेव्हा तिने तो नीट घडी घालून परत दिला. ‘‘अब्बा, हा पण अर्धाच आहे,’’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उस्मानभाईंनी कागद पुढे ठेवलाच नाही. संध्याकाळी ते माझ्या दारात आले.

‘‘त्या शाळेत घंटा आहे?’’

‘‘शाळा म्हटली की घंटा असणारच.’’

‘‘यल्ला, चला, दाखवा मला.’’

आम्ही होडीने पलीकडे गेलो. उस्मानभाईंनी शाळेची तपासणी केली. फाटकाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, भिंत केवढी उंच. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा होता. त्याच्याखाली ते बराच वेळ उभे राहिले. मग हेडमास्तरांना म्हणाले, ‘‘घंटेच्या आधी पोर न्यायची झाली, तर देणार?’’

‘‘कारण सांगावं लागेल.’’

‘‘कारण नाय सांगणार.’’

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. ‘‘देऊ, इन्शाल्ला,’’ ते म्हणाले.

‘‘इन्शाल्ला आम्ही म्हणू. तुम्ही हो म्हणा.’’

‘‘बरं बाबा, हो.’’

जुबेदा शाळेत जाऊ लागली. आठवडा झाला नाही तोच उस्मानभाईंनी भर दुपारी दुकान बंद केलं, खाडी ओलांडली आणि फाटकावर हाक दिली, ‘‘पोरीला बोलवा!’’ जुबेदा घाबरून धावत आली. काय झालं, अब्बा? काय नाय, जा परत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. वर्गातली पोरं हसायला लागली. हेडमास्तर माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले, ‘‘तुमच्या मित्राला आवरा, नाहीतर मुलीचं नाव काढतो.’’

पुढच्या खेपेला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर होडीत बसलो आणि बसल्या बसल्या फटकारलं, ‘‘उस्मानभाई, तुमच्या संशयापायी पोरीची शाळा सुटेल!’’

ते पाण्याकडे बघतच म्हणाले, ‘‘हिची आई जात होती ना, तेव्हा सारखी म्हणत होती, पोरीला आणा. मी धावत शाळेत गेलो. मास्तर म्हणाला, आज तपासणी आहे, साहेब आलेत, हजेरी कमी दिसेल. घंटा झाली की न्या. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. एवढा शिकलेला मास्तर सांगतो, तर तेवढा वेळ असेल, वाटलं. घरी पोचेपर्यंत ती गेली. भरवसा ठेवला मी.’’

होडीवाला वल्ही मारत होता.

पलीकडे पोचलो. मी आधी आत जाऊन हेडमास्तरांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. बाहेर ऊन रणरणत होतं. मी माझी छत्री पुढे केली. उस्मानभाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, काड्या तपासल्या आणि मग उघडली. त्यांनी हाक मारण्याआधीच आतून हेडमास्तरांचा आवाज आला, ‘‘जुबेदा, अब्बा आलेत. जा.’’

या वेळी ती धावत आली नाही, घाबरलीही नाही. सावकाश येऊन बापाजवळ छत्रीखाली उभी राहिली. उस्मानभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘घंटा झाली?’’

‘‘नाय अजून.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘जा.’’