एक पाय गादीवर: द्वारकाबाई सोनटक्के यांच्या मोहिमांची हकीकत

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि ज्या मातीवर हे सर्व घडले त्या मैदानास पायातले काढून नमन. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत नाम संवत्सर, आषाढमासी कॉलेजे उघडली ते समयी एका राज्यात एक बाई दाखल जाहल्या, तेथून पुढे जे जे वर्तले ते थोरामोठ्यांनी लिहावयाची आज्ञा केली, म्हणोन सेवकाने जैसे पाहिले तैसे लिहिले. राज्य म्हणजे एक महाविद्यालय. नाव सांगत नाही, सांगितले तर आजही तंटा उभा राहील. सिंहासनी प्राचार्य बळवंतराव देवस्थळी, संस्कृताचे मोठे पंडित, चालणे संथ, बोलणे त्याहून संथ, आणि एकदा नाही म्हणाले की होय म्हणावयास पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडत असे. त्यांचे पदरी जनार्दनपंत नामे क्रिकेटचे सरदार. मोठे मैदान त्यांचे ताब्यात, आणि त्या मैदानावरून मुलींनी वाट चुकूनही जाऊ नये ऐसा त्यांचा दंडक. ऐशा राज्यात मुलींच्या कवायतीस एक बाई नेमाव्या असा वरून हुकूम आला आणि द्वारकाबाई सोनटक्के आल्या. अंग काटक, नेसू पांढरे पातळ, पातळाखाली कापडी बूट, आणि आवाज ऐसा की बाईंनी मुलींस हाक मारिली की वसतिगृहाच्या गच्चीवरची कबुतरे आधी हजर होत. सोबत एक लोखंडी पेटी. कचेरीतल्या मंडळींस वाटले, पेटीत बाईंचे लोणचे-पापड असावेत. मग पेटी उघडली तो आत लाकडी दांडकी, चेंडू झेलावयाचे चामड्याचे पंजे, आणि मोसंबीहून थोर असा पांढरा चेंडू. तेव्हां मंडळी बहुत हिरमुसली.

मग बाईंनी प्राचार्यांकडे अर्ज केला की सॉफ्टबॉल नामे खेळ मुलींस शिकवीन, जागा मिळावी. जनार्दनपंत शेजारीच बसले होते, ते हसले आणि म्हणाले की चेंडू मऊ आहे म्हणता तर मुलींस ठीकच, परंतु मैदान देणे होणार नाही. मग प्राचार्यांनी मुलींच्या वसतिगृहामागची जागा दिली. जागा कैसी, तर बाभळी माजलेल्या आणि मधोमध कपडे वाळवायच्या दोऱ्या. बाईंनी पदर खोचिला आणि मुली हाताशी घेतल्या, आणि काटे वेचिले, आणि दोऱ्या भिंतीकडे हलविल्या, आणि पोत्यांत जुना कापूस भरून चौकोनी गाद्या शिवल्या आणि त्या जमिनीस ठोकल्या. खेळाची रीत ऐसी की चेंडू टोलवावा आणि एकेक गादी गाठीत फिरून जेथून निघाले त्या स्वगृही यावे म्हणजे धाव जाहली. पाय गादीस टेकला आहे तोवर गडी अभय, आणि पाय सुटला आणि शत्रूने चेंडू अंगास लाविला की गडी बाद. याखेरीज काही ध्यानी न राहिले तरी पुढील हकीकत समजेल.

ही वार्ता ऐकोन जनार्दनपंत मौज पाहावयास आले आणि म्हणाले, आणा तो मऊ चेंडू. समोर वत्सला ढमढेरे नामे मुलगी, पिठाच्या गिरणीवाल्याची लेक, गव्हाची पोती उचलून दंड कसलेले. तिने हात गरगर फिरवून खालून चेंडू सोडिला. पंतांनी दांडके फिरविले, वारा बहुत सुटला, चेंडूस काही जाहले नाही. पुन्हा तैसेच. मग एक चेंडू थेट पंतांच्या मांडीवर बैसला, आणि मऊ हा शब्द पंतांनी त्या दिवसापासून फक्त भातापुरता राखिला. थोड्याच दिवसांनी खासा प्राचार्यांची स्वारी जागा पाहावयास आली. वाटेत एक बॅट पडली होती. प्राचार्यांनी ती बुटाच्या टोकाने बाजूस सारिली आणि विचारिले, हे धोपाटणे येथे कोणी टाकिले. बाई पुढे जाहल्या, बॅट उचलिली, कपाळास लाविली आणि भिंतीशी नीट उभी केली. प्राचार्यांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून निघोन गेले. सेवकास मात्र ते फार लागले, ते येथे लिहून ठेवितो.

मग बाईंनी मोहिमा आरंभिल्या. एस. टी.च्या मागच्या बाकांवर फौज बसवावी, दशम्या बांधून घ्याव्या आणि परमुलखी कूच करावे. मुली वाऱ्यासारख्या धावत, चेंडू दूर धाडीत, उपांत्य लढाईपर्यंत सर्वांस लोळवीत, आणि तेथे हमखास शिकस्त खात. कारण काय, तर संस्कार. या खेळात गादी गाठावयास घसरत जावे लागते, आणि घसरता घसरता पाय शत्रूकडील मुलीच्या नडगीस लागतो. आता पाय लागला की वाकावे, त्या माणसास हात लावून तो आपल्या डोळ्यांस लावावा, हे आमच्या मुलखात मुलीस चालता येऊ लागण्याआधी शिकवितात. पहिल्या मोहिमेत वत्सला ऐसी घसरली की धुळीचा लोट उठला, गादी झकास गाठिली, अंपायरने अभय दिले, आणि वत्सला तत्काळ उठोन गादी सोडून त्या मुलीच्या पायाशी वाकली. ती मुलगीही चांगल्या घरची. तिने आधी असू दे, असू दे म्हटले आणि मग वाकलेल्या पाठीस चेंडू लाविला. वत्सला बाद, मोहीम समाप्त. पुढे ही गोष्ट सर्व राज्यांत फुटली, आणि शत्रूकडील मुली मुद्दाम पाय पुढे पसरून उभ्या राहू लागल्या. बाईंनी मुलींस परोपरीने समजाविले की खेळात पाय लागल्याने पाप लागत नाही, आणि लागलेच तर ते माझ्या खाती मांडावे. मुली मान डोलवीत, आणि पुढच्या लढाईत पुन्हा वाकत. एकदा तर दोघीजणी एकाच डावात बाद जाहल्या, एक नमस्कार करताना आणि दुसरी नमस्कार करावयास परत जाताना.

ऐसीच काही वर्षे गेली. वत्सला पदवी घेऊन गेली आणि तिचे जागी कुसुम वाघचौरे नामे चपळ मुलगी आली. तेव्हां कॉलेजात सायकली बहुत वाढल्या होत्या, आणि जनार्दनपंतांनी प्राचार्यांपाशी मसलत घातली की बाईंची जागा घेऊन तेथे सायकल स्टँड बांधावा. प्राचार्यांनी बाईंस बोलाविले आणि सांगितले की यंदा चषक आणिला तर जागा तुमची, नाहीतर स्टँडची. आणि आपला निकाल आधीच ठाऊक असल्यागत मैदानाच्या कडेस विटांचा ढीग आणोन रचिला. बाई त्या विटांकडे पाहत उभ्या राहत, आणि त्यांचे तोंड उतरे. बाईंस घर म्हणावे ऐसे दुसरे काही नव्हते. वसतिगृहातील एक खोली आणि खिडकीतून दिसणारी ही जागा, एवढाच त्यांचा मुलूख. तो गेला तर बाई कवायतीच्या शिट्ट्या फुंकीत म्हाताऱ्या होणार, हे सर्वांस दिसत होते, आणि खुद्द बाईंस सर्वांआधी.

त्या दुःखात एके सकाळी बाई मुलींवर ऐशा कडाडल्या की कबुतरे पार गावाबाहेर गेली. नमस्कार करणारीस संघातून काढीन, ऐसे बोलता बोलता त्यांचा पाय मागे पडला तो खाली ठेविलेल्या पंजास लागला, आणि बाई बोलणे अर्धे सोडून वाकल्या, पंजास हात लाविला, डोळ्यांस लाविला, आणि पुन्हा उभ्या राहून रागावू लागल्या. मुली ओठ दाबून हसू लागल्या. बाईंस आधी कळेना, मग कळले, मग बाई स्वतःच खाली बसून डोळ्यांस पाणी येईतो हसल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “हे आपल्याच्याने सुटायचं नाही गं. नमस्कार करा, खुशाल करा. पण एक पाय गादीवर ठेवून करा.”

त्या दिवसापासून नवी कवायत सुरू जाहली. घसरावे, गादी गाठावी, एक पाय तेथेच रोवावा, आणि कमरेतून वाकून हात लांबवून नमस्कार करावा. मुली रोज तेवढेच करीत. भिंतीपलीकडून जाणाऱ्या आजीबाईंस वाटले, आत कोठल्या देवीची सेवा चालिली आहे, त्यांनी भिंतीवर फुले ठेविली. बाईंनी ती दूर केली नाहीत.

त्या वर्षी अंतिम लढाई आमच्याच राज्यात, बाईंच्याच जागेवर ठरली. विटांच्या ढिगाशेजारी खुर्च्या मांडिल्या, मध्ये प्राचार्य, बाजूस जनार्दनपंत, पुढ्यात चषक. समोर शेजारच्या राज्याची फौज, पसरलेल्या पायांची म्हणोन नावाजलेली. दोहींकडे धावा समान होऊन आमचा शेवटचा डाव आला. कुसुम दुसऱ्या गादीवर. मागच्या मुलीने चेंडू टोलविला, कुसुम सुटली, चेंडू फिरून तिसऱ्या गादीवरील उंच मुलीच्या हाती येत होता, आणि त्या मुलीने सवयीप्रमाणे पाय पुढे काढून ठेविला होता. कुसुम घसरली. धूळ उडाली. धूळ बसली तो पाय गादीवर, अंपायरचे हात अभयाचे, आणि बुटाचा ठसा त्या मुलीच्या नडगीवर. ती मुलगी चेंडू हाती धरून वाट पाहू लागली. कुसुमचे अंग वाकू लागले. बाईंनी डोळे मिटिले, ऐसे त्यांनी मागाहून कबूल केले.

कुसुम वाकली, परंतु पाय जागचा हलला नाही. एक पाय गादीवर, दुसरा हवेत, हात नडगीस लाविला आणि डोळ्यांस लाविला. ऐसा समोरून नमस्कार आल्यावर कोण थांबतो. त्या मुलीचा हात आपोआप वर जाहला, तोंडातून असू दे, असू दे निघाले, आणि त्याच हातातला चेंडू सुटून मागे गडगडत गेला. मग बाईंचा आवाज आला, “कुसुम, नमस्कार पुरे! घरी ये!”

कुसुम धावली आणि स्वगृही पोहोचली. शत्रूकडील मास्तर तावातावाने आले आणि म्हणाले की हे कपट आहे. अंपायरने नियमांचे पुस्तक चाळिले आणि सांगितले की नमस्कारास बंदी कोठेही लिहिलेली नाही, आणि चेंडू कोणी हिसकाविला नाही. ती उंच मुलगी रडू लागली, तेव्हां कुसुम परत गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आता खेळ संपला होता, गादीची गरज नव्हती.

मग प्राचार्य चषक घेऊन उठले आणि संथ चालीने मैदानात आले. स्वगृहाशी शेवटचा टोला मारिलेली बॅट तशीच पडली होती. प्राचार्यांची नजर चषकावर, आणि बूट बॅटीस लागला. प्राचार्य थांबले. सर्व राज्य पाहत होते. प्राचार्यांनी चषक बगलेत धरिला, एक हात गुडघ्यावर टेकविला, सावकाश वाकले, बॅटीस हात लाविला आणि तो आपल्या डोळ्यांस लाविला. उभे राहिले तो समोर बाई. प्राचार्य काही बोलू पाहत होते, परंतु त्यांचे बोलणे संथ, हे वर लिहिलेच आहे.

बाई म्हणाल्या, “असू दे, सर. असू दे.”

सारांश, जागा राहिली. विटा आल्याच होत्या, त्यांच्या खेळ पाहणारांस बसावयाच्या पायऱ्या बांधिल्या, आणि सायकली जनार्दनपंतांच्या सीमारेषेशी उभ्या राहू लागल्या. बाईंनी पुढे बहुत वर्षे मोहिमा केल्या, काही जिंकिल्या, काही हरल्या, आणि त्यांच्या मुलींनी गावोगावी गाद्या शिवून आपापल्या फौजा उभ्या केल्या. आजही कोठे एखादी मुलगी एक पाय गादीवर रोवून वाकताना दिसली तर ती कोणाची नात-शिष्या हे विचारावे लागत नाही. बाई नोकरीतून मोकळ्या जाहल्या त्या दिवशी त्याच पायऱ्यांवर बसल्या होत्या. उठताना त्यांनी बूट काढिले आणि अनवाणी चालत मैदानाबाहेर गेल्या. सेवकाने पाहिले ते इतकेच. लिहिताना कोणास पाय लागला असेल तर हात जोडितो.