सुगंधा हत्तीण हरवायला निघते

मुलांनो, गोष्टीतल्या लाडक्या हत्तींच्या आया कुठे जातात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? नाही ना? सुगंधा हत्तिणीनंही विचारलं नव्हतं. मग एकदा विचारलं, आणि पुढचं सगळं झालं.

एका जंगलात ही सुगंधा राहायची. तिला एक मुलगा होता, गोटू. गोटूचे कान बेताचे, सोंड बेताची आणि अक्कलही बेताचीच. पण गुणी होता. दुःख एकच, त्याला कुणी खेळायला घेत नसे. हरणाची पाडसं म्हणायची, "तू नको रे बाबा. अंगावर पडलास तर आमचा पापड होईल." मग गोटू पाणवठ्याच्या कडेला एकटाच चिखल उडवत बसायचा. ते बघून सुगंधाला बांबू गोड लागायचा नाही. खायची ती, पण गोड लागायचा नाही.

एकदा जंगलात शाळेची सहल आली आणि चित्रांच्या पुस्तकांची पिशवी विसरून गेली. ती बायजा माकडिणीला सापडली. बायजाला वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघून ती भडाभडा सांगायची. पुस्तकं सगळी हत्तींचीच होती.

"हा बघ टपाल वाटणारा हत्ती. हा बासरी वाजवणारा. आणि हा आगगाडीला ढकलत घाट चढवतो."

"यांना सगळे खेळायला घेतात?" सुगंधानं विचारलं.

"खेळायला? अगं, माणसांची पोरं यांना कुशीत घेऊन झोपतात!"

"आणि यांच्या आया?"

बायजानं पानं मागंपुढं केली. "पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानावर नाही. पुरात गेली वाटतं." दुसरं पुस्तक उघडलं. "हिला शिकाऱ्यांनी नेलं." तिसरं उघडलं. "ही नुसतीच दिसत नाही. चित्रकाराला जागा पुरली नसेल."

त्याच आठवड्यात वनखात्याच्या बंगल्यात भिंतीला चादर लावून पोरांना सिनेमा दाखवला. जंगलानं तो झाडाआडून पाहिला. त्यातही हत्तीचं पिल्लू होतं आणि त्यातही आई लगेचच गेली. वाघसुद्धा मुसमुसला.

खरं सांगायचं तर, हा आम्हा गोष्ट सांगणाऱ्या बायकांचा जुना उद्योग आहे. आई घरात असली की ती म्हणत राहते, खाऊन जा, पाण्यात जास्त वेळ बसू नकोस. मग पराक्रम व्हायचा कधी? म्हणून आम्ही आधी आईला वाटेला लावतो आणि मग पदरानं डोळे पुसतो.

सुगंधाला मात्र ते सगळं खरं वाटलं. 'म्हणजे माझ्या गोटूच्या आड मीच येतेय,' ती मनाशी म्हणाली. तिनं ठरवलं, आपण हरवायचं.

कळपाची म्होरकी होती थोरली अक्का. सुगंधानं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "अक्का, मी उद्या हरवतेय. गोटूच्या भल्यासाठी."

"हरव," अक्का बांबू चावत म्हणाली. "पण फार लांब हरवू नकोस. ते दूध पितं अजून."

हे सुगंधाला पटलं. दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यासमोरच्या करवंदीच्या झुडपामागे जाऊन उभी राहिली. झुडूप तिच्या गुडघ्याएवढं होतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे काम पक्कं.

आता गोटू रडेल, मग त्याला कुणीतरी जिवलग मित्र भेटेल, मग पराक्रम. ती कान टवकारून वाट बघत राहिली. गोटू रडला नाही. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि चिखल उडवायला लागला.

तेवढ्यात एक पाडस झुडपापाशी आलं.

"काकू, काय करताय?"

"मी हरवलेय."

"आम्ही बघू का?"

"बघा. पण मी दिसत नाहीये, बरं का."

"बरं," पाडस अदबीनं म्हणालं आणि धावत सगळ्यांना सांगून आलं.

दुपारपर्यंत रानडुकरांची पिल्लं आली, सशांची आली, बायजाची दोन आली. सगळी झुडपासमोर ओळीनं बसली. सुगंधाला काटा टोचला की ती हळूच पाय उचलायची, आणि पिल्लं लोळून लोळून हसायची. शेवटी गोंगाट ऐकून गोटूही आला.

"ए, ही कोण रे?" एका सशानं विचारलं.

गोटूनं छाती फुगवली. "माझी आई आहे ती!"

"खरंच तुझी?"

"मग! घरी असंच करते ती."

सगळी पिल्लं सरकली. पाडसानं गोटूला आपल्या शेजारी, सगळ्यात पुढं जागा दिली. झुडपामागे सुगंधाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. आता बाहेर यावं की नाही, तिला कळेना. आपण बाहेर आलो तर गोष्ट संपेल, आणि गोटूची ही जागा जाईल.

उन्हं उतरली. गोटू उठून झुडपापाशी आला आणि हळूच म्हणाला, "आई, भूक लागली."

पुढचा विचार करायला सुगंधा थांबली नाही. ती झुडूप तुडवतच बाहेर आली आणि तिनं त्याला पोटाशी घेतलं.

"संपलं?" पिल्लं हिरमुसली.

"पराक्रम राहिलाच की गं," झाडावरून बायजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पिल्लं गोटूला हाका मारत आली, आणि सुगंधा दुसऱ्या झुडपामागे जाऊन उभी राहिली.

तात्पर्य: आईनं लेकरासाठी त्याग अवश्य करावा. फक्त झुडूप आपल्याहून लहान निवडावं.