जरा वेगळा झालेला बोर्ड

"चूक म्हणायचं नाय, तर मंग मानसानं बोलायचं तरी काय गो?" जना पातेल्यातल्या खिचडीला विचारत होती. पातेलं माझ्यापासून हातभर लांब, तेव्हा प्रश्न कुणाला होता ते कळलंच.

जना आमच्या बालवाडीची मदतनीस, आणि नियम माझा. मुलाने गाय निळी रंगवली, चपला उलट्या घातल्या, तरी 'चुकलं' म्हणायचं नाही. 'वेगळं झालंय' म्हणायचं. मूल आपलं आपण शोधतं. शिकल्यासवरलेल्यांना हे कळायला मोठाली पुस्तकं लागतात, मला मेथी निवडता निवडता सुचलं.

यंदा मात्र तत्त्वाला पोरं कमी पडत होती. सापगावच्या रस्त्याने इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली, आणि आमच्या संस्थेने बजावलं, नवी मुलं आली नाहीत तर बालवाडीला कुलूप. म्हटलं, बघाच आता. रस्त्याकडेला असा बोर्ड लावते की गाडी रिकामी परत जाईल!

पेंटर पंकज आला तो नेमका शाळेच्या पहिल्या दिवशी. आत पोरांनी असा सूर लावलेला की मला मजकूर ओरडून सांगावा लागला, "इथे मुलं घडतात!"

"बाई, नक्की असंच लिवू?"

"असंच. आणि चांगलं मोठं."

बोर्ड लागला. मी लांबूनच डोळे भरून पाहिला. वाचला नाही. पाठच होता, वाचायचा कशाला?

जना म्हणाली, "बाई, बोर्ड जरा वेगळा झालाय."

"झालाच पाहिजे," मी टम्म फुगलेल्या पुरीसारखी म्हणाले.

लोक थांबत, बोर्ड वाचत, माझ्याकडे बघत आणि पुढे जात. आत कुणी येईना. शेवटी भातसानगरला कामाला जाणारा अमोल आपल्या समीक्षाला घेऊन आला. पोरगी त्याच्या पँटला धरून मागे लपलेली.

"बाई, बोर्डावर लिवलंय ते... सगलीच पोरं?"

"सगळीच. एकही सुटत नाही."

"घरी तर बरी असते ही."

"घरी कुठून होणार? खरी सुरुवात इथे आल्यावरच होते."

"मंग तुमी काय करता?"

"आम्ही मध्ये पडत नाही. लांबून बघतो."

अमोलने मागे हात नेऊन समीक्षाला धरलं. "आन् किती दिवस चालतं ह्ये?"

"इथे तीन वर्षं. पण एकदा पाया पक्का झाला की जन्मभर."

त्याने समीक्षाला उचलून कडेवर घेतलं. "निदान खरं तरी बोलता तुमी," म्हणाला, आणि सरळ पिवळ्या गाडीच्या थांब्याकडे चालू लागला.

मी पायरीवर बसले. आत उरलेली चार पोरं निळ्या गाई रंगवत होती. कुलूप लागलं तर यांच्या गाईंना निळं कोण राहू देणार?

"जना, एक शब्द वावगा बोलले नाही गं मी. मग बिघडलं कुठे?"

जना पदराला हात पुसत बाहेर आली. "बाई, तुमचा नियम घटकाभर बाजूला ठेवू?"

"ठेव."

"पंकजला पोरांच्या कालव्यात भलतंच ऐकू आलं. त्यानं 'इथे मुलं रडतात' लिवलंय." तिने दम घेतला. "आन् बाई, ते वेगळं नाय झालं. चुकलंय."